कमी तो आकडा खरा

माझा गणपतीमामा पेठ वडगावच्या पुढं एका दगडाच्या खाणीत सोळा वर्षं एकच काम करत होता. बार मोजायचं.

काळा कातळ फोडायचा तर आधी त्यात ओळीनं भोकं पाडतात. प्रत्येक भोकात दारूची कांडी आणि वात. वाती मुद्दाम लहानमोठ्या कापतात, म्हणजे बार एकदम उडत नाहीत, एकामागून एक उडतात. बारा भोकं भरली तर बारा आवाज यायला पाहिजेत. अकराच आले तर एक भोक भरलेलं राहिलं, आणि थोड्या वेळानं त्याच दगडावर कुणीतरी ड्रिल टेकवणार असतं.

१९९१ साली तसंच झालं. तेव्हा मोजणारा असा कुणी ठरलेला नव्हता. कुणी नऊ म्हणालं, कुणी दहा. दहा म्हणणारे जास्त होते, म्हणून लोक उतरले. ड्रिलवर आकाराम होता, मामाचा जोडीदार. मामा पाणी आणायला वर आला होता म्हणून वाचला. दुसऱ्या दिवसापासून मोजायचं काम त्यानं कुणाला न विचारता स्वतःकडं घेतलं.

त्याची पद्धत साधी होती. जितकी भोकं, तितके खडे सदऱ्याच्या डाव्या खिशात. एक बार उडाला की एक खडा उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की उठून खांद्यावरचा लाल टॉवेल हलवायचा आणि ओरडायचा, "झालं! उतरा!" त्याच्या जोडीला आणखी एक माणूस मोजायचा, आणि दोघांच्या आकड्यात फरक पडला तर मामाचा नियम ठरलेला होता. कमी तो आकडा खरा. मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत खाली कुणी पाऊल ठेवायचं नाही.

खाणीचे मालक हंबीरराव चिडायचे. "गणपा, एका बारापायी माझा अख्खा दिवस घालवतोस व्हय रं?"

"दिवस गेला तर जाऊ दे की मालक. मानूस तर ऱ्हातोय."

हंबीरराव शिव्या द्यायचे, पण ऐकायचे. सोळा वर्षांत मामाच्या मोजणीवर उतरलेला एकही माणूस दगावला नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मामाला अक्षरओळख नव्हती. मी मात्र शिकावं म्हणून तो हटून बसला होता. माझे वडील मी नववीत असताना वारले, आणि पुढं कोल्हापुरात बी.ए. होईपर्यंत दर सोमवारी मला सायकलवरून एस.टी. स्टँडवर सोडायला तोच यायचा. मी शिक्षिका झाले, वडगावच्या शाळेत लागले, तेव्हापासून त्यानं माझं नाव टाकलं. "काय मास्तरीनबाई," म्हणायचा. बोलणं मोठ्यानं, चालणं भरभर, चहा बशीत. तानूबाईमामी म्हणायची, "ह्यांच्यासंगं चालायचं म्हंजे पळायचंच." १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मात्र तो कर्ण्यांपासून लांब, गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा. "माझं कान कामाचं हायत," म्हणायचा. "असं वाया घालवायचं न्हाईत."

२००७ च्या बुद्धपौर्णिमेला तो आमच्याकडं शिवाजी पेठेत आला. मी खिरीचं बघत होते. त्याला म्हटलं, "मामा, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर," आणि खालच्या दुकानात साखर आणायला गेले. परत येते तो जिन्यातच करपल्याचा वास. मामा कुकरपासून चार हातांवर बसला होता आणि त्याच्यासमोर शिट्टी होत होती.

"मामा, किती झाल्या?"

"दोन," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

मी गॅस बंद केला. त्यानं एकदा कुकरकडं बघितलं. मग म्हणाला, "डावा तर कवाच गेलाय. उजवा थोडा हाय. कुणाला बोलू नगं."

"मामा, अरे, तू बार मोजतोस! लोकांचे जीव..."

"पायानं मोजतो." त्यानं तळपाय पुढं केला. भेगाळलेला, कातळासारखाच. "चपला काढून दगडावर पाय टेकवून बसतो. बार उडला की दगुड खालनं ठोका देतोय. आवाज मागनं येतोय. कान फसतोय पोरी, दगुड फसवत न्हाय."

मी मान हलवली. पण मला ते खरं वाटलं नाही. म्हातारा माणूस काम सुटू नये म्हणून स्वतःची समजूत घालतोय, असंच वाटलं. मी कॉलेज शिकलेली बाई. ऐकायचं ते कानानं, एवढं मला कळत होतं.

त्याच वर्षी माझी मुलगी संघप्रिया इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला गेली. तिनं प्रोजेक्ट घेतला तो आवाज कुठून आला ते शोधायचा. सहा लहान डब्या, प्रत्येकीत एक मायक्रोफोन, दोन पेन्सिल सेल, आणि तारेशिवाय एकमेकींशी बोलायला रेडिओची एक चकती. डब्या कसल्या, तर आमच्याच हिरव्या साबणाच्या, झाकणाला भोकं पाडलेल्या. त्या लांबलांब मांडायच्या. आवाज जवळच्या डबीला आधी पोचतो, लांबच्या डबीला नंतर. त्या फरकावरून संगणक जागा काढतो. आधी गच्चीवर मांडून तिनं पेठेतल्या फटाक्यांवर प्रयोग केले. आमच्या भागातला फुटबॉल संघ जिंकला की तिला काम मिळायचं. कोणत्या गल्लीत माळ लागली ते ती बरोबर सांगायची. पण सरांना मोठ्या मैदानावरचं काम हवं होतं, मोठा आवाज हवा होता. तिला लगेच आज्जा आठवला. मामाला ती आज्जा म्हणते.

मी नको म्हणाले. खाणीत मुलीचं काय काम, म्हणाले. हे तेव्हा नोकरीसाठी सोलापूरला होते, त्यांना फोन करून सांगितलं. त्यांनी हसून मलाच गप्प केलं. "मामा आहेत की तिथं," म्हणाले.

मामा होता, हीच तर माझी भीती होती, आणि ती मला कुणाला सांगता येत नव्हती.

डिसेंबरात ती डब्या घेऊन गेली. मामानं तिचं म्हणणं दगडावर बसून ऐकलं आणि पहिल्या फटक्यात समजून घेतलं. "पंचगंगेच्या घाटावर धुणं आपटलेलं आदी दिसतंय, ऐकू मागनं येतंय. तसंच की."

"तसंच, आज्जा. ही डबी घाटावरची, आणि ही पलीकडच्या काठावरची."

"आनि सगळ्या डब्यांची घड्याळं एक नसली तर?"

हा प्रश्न तिला तिच्या सरांनी तिसऱ्या महिन्यात विचारला होता. ती घरी येऊन मला चार वेळा सांगत होती, "आई, आज्जाला शाळेत घालायला पाहिजे होतं गं."

खाणीत ड्रिलवर कृष्णात होता, तिशीतला, थट्टेखोर गडी. त्यानं मामाला छेडलं, "मामा, आता साबनाच्या डब्या मोजनार. तुमी चपला घालून घरला जावा. न्हाईतरी रोज देवळात बसल्यागत बसताय."

"देव न्हाय रं माझा. ह्यो दगुड बोलतोय, त्याचं ऐकतोय."

"मग त्याला इचारा की, माझ्या पोरीला शाळंत पयला नंबर मिळंल का?"

जोडीला मोजणाऱ्या माणसाऐवजी आता डब्या मोजू लागल्या, आणि पहिले नऊ दिवस त्यांचा आकडा आणि मामाचा आकडा जुळला. संघप्रियाच्या हातात एक लहानशी खिडकी असायची, तीत फक्त आकडा दिसायचा. जागा काढायची तर सगळी नोंद घरी आणून संगणकावर अर्धा तास घालवावा लागे. कोणतं भोक कधी उडालं ते ती दुसऱ्या दिवशी कागदावर ठिपके काढून मामाला दाखवायची. ठिपके भोकांपासून हात-दीड हात इकडंतिकडं असायचे. मामा बोट ठेवून बघायचा. हंबीररावांनी हे बघितलं. दहाव्या दिवशी ते म्हणाले, "ब्येस. म्हंजे आता खाली उतरायला गणपाची वाट बघायला नगो."

हे तिनं जेवताना हसत सांगितलं. एकीकडं वाटलं, सुटलो. मामाच्या कानांवर आता कुणाचा जीव नाही. दुसरीकडं वाटलं, दोघांचा आकडा जुळला नाही आणि ही पोरगी आज्जावर विश्वास ठेवून खाली उतरली तर? ती रात्र मी डोळा लावला नाही. सकाळी ती डब्यांतले सेल बदलत असताना मी तिला सांगून टाकलं. आज्जाच्या डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानंही कमीच. तू त्याच्या आकड्यावर जाऊ नकोस. तुझ्या मशीनचं बघ.

पायाचं मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि मामा हास्यास्पद झालेला मला नको होता. एवढंच कारण. दुसरं काही नव्हतं.

मग आली ती २३ जानेवारी २००८.

खाणीतले बार दुपारी एकच्या सुमाराला, तिथल्या गड्यांच्या जेवणाच्या सुट्टीत उडायचे. आमच्या शाळेपर्यंत आवाज यायचे आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. चौथीच्या मुलांना ते मोजायचा नाद होता, माझ्यामुळंच लागलेला. त्या दिवशीही ती मोजू लागली. शेवटच्या आवाजानंतर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "अकरा!"

मी म्हटलं, बरं, आज अकरा भोकं असतील. पाढे घ्यायला लागले.

तिकडं काय झालं ते मला नंतर संघप्रियानं आणि कृष्णातनं, दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांचं एकच आहे. भोकं बारा होती. त्या दिवशीची ओळ खाणीच्या अगदी लांबच्या टोकाला होती, आणि समोरच्या बाजूला दोनच दिवसांपूर्वी क्रशरसाठी पत्र्याची उंच शेड उभी राहिली होती. मामा आदल्या दिवशीच कुरकुरला होता, "पत्रा उगंच परत बोलालाय." बार झाले. संघप्रियाच्या खिडकीत बारा आकडा आला. मामाच्या डाव्या खिशात एक खडा राहिला.

"अकरा," मामा म्हणाला. "कुनी उतरायचं न्हाय."

हंबीररावांचे तीन डंपर रस्त्याच्या कामाची खडी भरायला खाणीकडं तोंड करून उभे होते. ते म्हणाले, "मशीन बारा म्हनतंय, गणपा."

"म्हनू दे. कमी त्यो आकडा खरा. उद्या उजाडल्यावर."

"अवं पर मालक," कृष्णात मध्ये पडला, "मामाचं आजवर चुकलं न्हाय."

"मशीनचं चुकलंय का?" हंबीरराव संघप्रियाकडं वळले. "सांग की पोरी."

आणि माझ्या मुलीनं, सगळ्यांसमोर, अगदी हळू आवाजात सांगितलं, "आज्जा, तुला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानंही कमीच येतं. आईनं सांगितलंय मला."

कृष्णात म्हणतो, त्याला वाटलं मामा आता ओरडेल. मामा ओरडला नाही. पायाचंही बोलला नाही. त्यानं खाली वाकून चपला पायात घातल्या. एवढंच केलं.

मोजणाऱ्याला ऐकूच येत नाही म्हटल्यावर त्याचा आकडा आकडाच राहिला नाही. मग नियम लागू व्हायचं कारण उरलं नाही. धूळ बसायची वाट बघितली, लोकांनी भाकरी खाल्ली, आणि वीस मिनिटांनी कृष्णात ड्रिल घेऊन उतरला. चार नंबरची डबी ओळीच्या टोकाजवळ होती. ती आणायला संघप्रिया त्याच्या मागं गेली.

मामानं चपला परत काढल्या. तो उतारावरनं अनवाणी पळत सुटला. साठीला आलेला माणूस. वरचे लोक हसले म्हणे, पोरीवर रागावून चाललाय म्हणून. तो त्या दोघांच्या पुढं गेला, वाकून ओळ बघत चालला, आणि शेवटून दुसऱ्या भोकापाशी त्याला बारीक धूर दिसला. वात आत ओली होती, विझली नव्हती, धुमसत होती. त्यानं संघप्रियाची वेणी धरून तिला मोठ्या दगडाआड ओढलं, कृष्णातला लाथेनं लोटलं, आणि स्वतः तिच्यावर पडला.

वर्गात मी सातचा पाढा फळ्यावर लिहीत होते. काचा थरथरल्या. मुलं आनंदानं ओरडली, "बारा!"

उशिरा आलेल्या बाराव्या आवाजाचा अर्थ मला मामानंच शिकवला होता. मी मुलीला मोबाईल लावला, लागेना. हेडमास्तरांच्या स्कूटरवरून खाणीवर पोचायला मला सतरा मिनिटं लागली. त्या सतरा मिनिटांबद्दल मी लिहिणार नाही.

संघप्रियाचा हात मोडला. कृष्णातच्या जबड्यावर दगड बसला, चार दात गेले. मामाच्या पाठीत खडी घुसली होती, तीही निघाली. पण दोन्ही कानांतून रक्त येत होतं, आणि त्यानंतर त्याला काहीच ऐकू आलं नाही. ढोल नाही, शिट्टी नाही, मामीची हाक नाही.

प्लास्टर असलेल्या हातानंच संघप्रियानं त्या दिवशीची नोंद संगणकावर घातली. अर्ध्या तासाच्या आत आलेले प्रतिध्वनी गाळायची सोय तिनं केली होती, असं मी आधी समजत होते. तिनं मला दुरुस्त केलं, अर्ध्या सेकंदाच्या आत. तेवढ्या वेळात आलेला दुसरा आवाज मशीन सोडून द्यायचं. ओळीतल्या सगळ्यात लांबच्या, शेवटच्या भोकाचा शेडच्या पत्र्यापर्यंत जाऊन आलेला आवाज तेवढाच अर्ध्या सेकंदाहून किंचित उशिरा पोचला, म्हणून मशीननं तो नवा बार धरला. त्याचा ठिपका कागदावर शेडच्या मागं पडला होता, जिथं एकही भोक नव्हतं. अर्धा तास थांबून जागा बघितली असती तर तिथंच कळलं असतं. त्यानंतरचा, वीस मिनिटांनी उडालेल्या बाराचा ठिपका मात्र भोकापासून वीतभरही हलला नव्हता. इतकं अचूक तिच्या मशीननं आधी कधीच सांगितलं नव्हतं. सरांनी तेवढाच कागद अहवालात लावायला सांगितला. तिनं लावला नाही.

खाण काही महिने बंद राहिली, मग चालू झाली. हंबीररावांनी मोजायला दुसरा माणूस ठेवला. मामा घरी बसला. आमच्याकडं आला की स्वयंपाकघरात फरशीवर पाय टेकवून बसायचा. कुणी जिना चढायला लागलं की मान न वळवता म्हणायचा, "कोन तरी आलंय." कुणीतरी खरंच आलेलं असायचं. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले.

एकदा घरात आम्ही दोघंच असताना मी त्याला सगळं सांगितलं. त्याला पाठमोरी उभी राहून, भाकरी थापत, मोठ्यानं. मी सांगितलं पोरीला, मामा. तू बोलू नको म्हणालास तरी. आणि सांगितलं तेही अर्धंच सांगितलं. पायाचं सांगितलं असतं तर ती थांबली असती. मला ते खोटं वाटलं, म्हणून नाही सांगितलं. असं बरंच. ऐकू येत नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच बोलू शकले. वळले तर तो माझ्याकडंच बघत होता.

"रडतीस कशाला?" तो म्हणाला. "पोरगी हाय की."

गेल्या नोव्हेंबरात, २००९ मध्ये, मामा वारला. झोपेतच. मामीनं त्याचा सदरा मला दिला. डाव्या खिशात एक खडा होता. तोच का दुसरा, कुणास ठाऊक.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. संघप्रिया आता पुढचं शिकते आणि त्याच विषयावर काम करते. उद्या सकाळी सहाच्या गाडीनं ती गारगोटीकडच्या एका खाणीवर निघाली आहे. बाहेरच्या खोलीत सोळा डब्या भरून ठेवल्या आहेत. आता त्या साबणाच्या नाहीत, विकतच्या आहेत. संध्याकाळी मी धीर करून तिला मामाच्या पायाचं सांगितलं, दोन वर्षांनी. तिनं ऐकून घेतलं आणि एक डबी उलटी करून दाखवली. तळाला पितळेचं बटणासारखं काहीतरी आहे, ते दगडाला टेकवून बसवायचं. दगडाचा ठोका हवेतल्या आवाजाच्या आधी येतो. ठोका नसेल तर तो बार नाही.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"नोंदीतनं. त्या दिवशी चार नंबरची डबी कातळावर टेकलेली होती. प्रत्येक बाराच्या आधी तिच्यात एक बारीक थरथर आहे. पत्र्यावरून आलेल्या आवाजाच्या आधी नाही." मग म्हणाली, "आणि आज्जानं चपला काढल्या होत्या ना, आई. मी रोज बघत होते. विचारलं नाही कधी."

मी तिला म्हटलं, तिथं मोजणारा माणूस असेल तर आधी त्याच्यापाशी जाऊन बस. आणि आकडे जुळले नाहीत तर कमी तो खरा.

"हो आई," ती म्हणाली, आणि झोपायला गेली.

ती करेल तसं. मशीनही यावेळी चुकणार नाही कदाचित. पण तिथंही कुणाचे तरी डंपर तोंड करून उभे असतील, आणि कुणीतरी तिच्याकडं वळून म्हणेल, सांग की पोरी. उद्या एक वाजता मी वर्गात असेन. गारगोटीचा आवाज वडगावला येत नाही. तिथले बार मुलांना मोजता येणार नाहीत, आणि मलाही.